गाणे जागेवर आहे, पत्ता चुकला आहे

एप्रिल महिना नांदेड-लातूरकडच्या साऊंडवाल्यांना उसंत देत नाही. लग्नाच्या तिथी दाट असतात आणि १४ एप्रिलची भीमजयंती एका दिवसात संपत नाही. गल्लोगल्ली, गावोगावी मिरवणुका पुढे कितीतरी दिवस चालू राहतात. गाडीवर साऊंड चढलेला असतो, जनरेटर सुरू झालेला असतो, पोरे गाडीपुढे जमलेली असतात. लॅपटॉप उघडावा तर वामनदादा कर्डकांच्या गाण्यांपुढे उद्गारचिन्ह, प्रल्हाद शिंद्यांच्या गाण्यांपुढे उद्गारचिन्ह, वरातीसाठी मेहनतीने लावलेल्या यादीतल्या एकूण एक नावापुढे तेच. क्लिक केले की उत्तर येते: फाईल सापडत नाही. आणि हार्ड डिस्क तर तिथेच, लॅपटॉपला जोडलेली, तिचा दिवाही लुकलुकतो आहे.

अशा वेळी बहुतेक जण घाईघाईने सगळी उद्गारचिन्हे निवडून डिलीट मारतात आणि गाण्यांचे फोल्डर नव्याने सॉफ्टवेअरमध्ये ओढतात. गाणी वाजू लागतात, मिरवणूक निघते. पण कोणत्या गाण्यानंतर कोणते लावायचे, एखादे गाणे नेमके कोणत्या ठेक्यापासून उचलायचे याच्या खुणा, हाताने दुरुस्त केलेला वेग, आवडीचे तारे, कोणते गाणे किती वेळा वाजले याचा हिशेब हे सगळे त्या डिलीटबरोबर गेलेले असते. गाणी पुन्हा मिळतात. ही वर्षानुवर्षांची मेहनत कुठे मिळत नाही. म्हणून सगळ्यात आधी सांगायचे ते हेच: उद्गारचिन्ह दिसले म्हणून डिलीट करू नका. जे तुटले आहे ते जोडता येते.

गाण्यांची लायब्ररी सांभाळणारे सॉफ्टवेअर, मग ते आयट्यून्स असो, म्यूझिकबी असो, व्हर्च्युअल डीजे असो की रेकॉर्डबॉक्स, गाणे सहसा स्वतःच्या पोटात ठेवत नाही. गाणे असते डिस्कवर, एमपीथ्री फाईलच्या रूपात. सॉफ्टवेअरजवळ असते ती एक नोंदवही. सातबारा म्हणजे शेत नव्हे, शेताची नोंद; तसेच हे आहे. नोंदवहीत प्रत्येक गाण्यापुढे लिहिलेले असते की ही फाईल अमुक ड्राइव्हवर, अमुक फोल्डरात, अमुक नावाने आहे. यालाच पाथ म्हणतात. तुम्ही गाण्यावर क्लिक केले की सॉफ्टवेअर तो पत्ता घेऊन डिस्ककडे जाते. त्या पत्त्यावर फाईल नसली तर ते शेजारीपाजारी चौकशी करत नाही, सरळ उद्गारचिन्ह लावून मोकळे होते. पत्त्यातले एक अक्षर, एक मोकळी जागा, एक ठिपका बदलला तरी त्याच्या दृष्टीने ते गाणे नाहीसे झालेले असते.

ही अडचण फक्त डीजेवाल्यांची नाही. मराठवाड्यात खासगी संग्रह फार आहेत आणि ते नाना तऱ्हेचे आहेत. नांदेडात जन्मलेल्या पं. नाथराव नेरळकरांच्या मैफलींच्या कॅसेट संगणकावर उतरवून ठेवणारे रसिक आहेत. नांदेडच्याच संगीत शंकर दरबारातले, बंदाघाटावरच्या दिवाळी पहाटेतले गाणे स्वतःच्या फोनवर टिपून ठेवणारे आहेत. सचखंड गुरुद्वाऱ्यातले शबद कीर्तन, मन्मथस्वामींचे अभंग, माळेगावच्या यात्रेतल्या वाघ्या-मुरळीची पदे, किनवट-मुखेडकडची बंजारा गाणी, कव्वाल्या, सप्ताहातली कीर्तने असे कितीतरी लोकांनी गोळा केले आहे. यातले पुष्कळसे कुठल्याही कंपनीने कधी बाजारात आणलेले नाही. नेटवर शोधून ते सापडणार नाही. एका घरातल्या एका डिस्कवरच ते असू शकते, आणि त्याची ओळख त्या घरातल्या नोंदवहीपुरतीच असते. म्हणून या विषयाकडे मी निव्वळ संगणकाची किरकोळ दुरुस्ती म्हणून पाहू शकत नाही.

आता पत्ता बदलतो कसा ते पाहू. विंडोजमध्ये सर्वात जास्त वेळा दोषी असते ते ड्राइव्हचे अक्षर. ए आणि बी ही अक्षरे एके काळी फ्लॉपीसाठी होती, सी हे संगणकाच्या आतल्या डिस्कचे; बाहेरून जे जोडाल त्याला विंडोज पुढचे मोकळे अक्षर देते. समजा गाण्यांची डिस्क पहिल्यांदा जोडली तेव्हा तिला ई मिळाले. नोंदवहीत सगळे पत्ते ई पासून सुरू झाले. विंडोज ही गोष्ट लक्षात ठेवते आणि त्याच लॅपटॉपवर तीच डिस्क पुन्हा लावली तर ई हेच अक्षर देऊ पाहते. पण एके दिवशी कोणीतरी पेन ड्राइव्ह आणून दिला, 'भाऊ, यातले नवरदेवाचे गाणे घ्या' म्हणाला, तो आधी जोडला गेला आणि ई त्याला मिळाले. मग डिस्क लावली, तिला एफ मिळाले. हजारो गाण्यांचे पत्ते एका क्षणात खोटे ठरले. गाणी हललीसुद्धा नाहीत. लॅपटॉप बदलला तर असे होण्याची शक्यता आणखी वाढते, कारण नव्या लॅपटॉपला जुनी आठवण नसते.

यावरचा उपायही तितकाच साधा आहे. आधी लायब्ररीचे सॉफ्टवेअर बंद करा. पेन ड्राइव्ह काढा. विंडोजमध्ये डिस्क मॅनेजमेंट नावाची खिडकी असते. तिथे आपल्या डिस्कवर उजवे क्लिक करून तिचे अक्षर बदलता येते. जुने अक्षर परत दिले की सगळी उद्गारचिन्हे एकदम नाहीशी होतात, नोंदवहीला हातही लावावा लागत नाही. नव्याने सुरुवात करणाऱ्याने तर पहिल्याच दिवशी गाण्यांच्या डिस्कला एम किंवा त्याच्याही पुढचे, लांबचे अक्षर देऊन टाकावे. पेन ड्राइव्हला सुरुवातीची मोकळी अक्षरे मिळत जातात, एम पर्यंत त्यांची मजल सहसा जात नाही. डिस्कच मेली आणि गाणी आता लॅपटॉपच्या आतल्या फोल्डरात ठेवली असतील तरीही याच वाटेने जाता येते: विंडोजची सब्स्ट नावाची आज्ञा एखाद्या फोल्डरलाच ड्राइव्हचे अक्षर देते. लॅपटॉप बंद करून सुरू केला की ती सोय संपते, पण त्या रात्रीची वरात निभावते.

मॅकवर अक्षरे नसतात, डिस्कचे नाव पत्त्यात येते. तिथे एक वेगळाच घोटाळा होतो. डिस्क नीट इजेक्ट न करता ओढून काढली तर कधी कधी तिच्या नावाचा रिकामा फोल्डर मागे उरतो. मग तीच डिस्क पुन्हा लावली की नाव आधीच अडलेले असल्याने तिला नावापुढे १ लावून जोडले जाते आणि सगळे पत्ते चुकतात. तो रिकामा फोल्डर काढून, डिस्क पुन्हा लावली की झाले. काढण्यापूर्वी तो खरोखर रिकामा आहे ना, हे मात्र बघावे. फोनमध्ये तर हे कोणाच्या लक्षातही येत नाही. अँड्रॉइडवर मेमरी कार्डाच्या पत्त्यात त्या कार्डाचा स्वतःचा आठ अक्षरी क्रमांक असतो, आणि कार्ड फॉरमॅट केले की तो क्रमांक बदलतो. मोबाईलच्या दुकानातून जुन्या कार्डातली गाणी जशीच्या तशी नव्या कार्डात भरून आणली तरी फोनमधल्या प्लेलिस्ट रिकाम्या दिसतात त्या यामुळे. व्हॉट्सॲपवर आलेली कीर्तने जपणाऱ्यांनाही असा धक्का बसला असेल. अँड्रॉइड ११ च्या नव्या नियमांनंतर व्हॉट्सॲपने आपला फोल्डर फोनच्या स्मरणात दुसऱ्या जागी हलवला, आणि जुन्या जागेचे पत्ते धरून बसलेल्या याद्या कोरड्या पडल्या.

दुसरे कारण आपण स्वतः. फोल्डरचे नाव बदलतो. लोकगीते जिल्हावार लावणाऱ्यांनी २०२३ नंतर 'उस्मानाबाद'चे 'धाराशिव' केले, 'औरंगाबाद'चे 'छत्रपती संभाजीनगर' केले. एका नावाबरोबर आतल्या शेकडो फाईलींचे पत्ते बदलले. हे काम सॉफ्टवेअरच्या बाहेर, विंडोजच्या खिडकीत केले तर सॉफ्टवेअरला पत्ता लागत नाही. तेच म्यूझिकबी किंवा मीडियामंकीच्या आत राहून केले तर फाईलही हलते आणि नोंदही सोबत बदलते. एवढा एक नियम पाळला तरी निम्मी उद्गारचिन्हे टळतील.

पण समजा जुने अक्षर परत देणे शक्य नाही, फोल्डरांची रचनाही बदलून गेली आहे. मग नोंदवहीतच दुरुस्ती करावी लागते. त्याआधी नोंदवहीची एक प्रत बाजूला काढून ठेवायची, हे मी कितीही वेळा सांगायला तयार आहे. गाणी जागा खातात. १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीला मिनिटाला साधारण १ एमबी लागते, म्हणजे पाच मिनिटांच्या गाण्याला ५ एमबी. नोंदवही मात्र हजारो गाण्यांची असली तरी काही एमबींतच मावते. तिची प्रत काढायला क्षणभर पुरतो आणि ती पेन ड्राइव्हच्या कोपऱ्यात बसते.

पुष्कळ नोंदवह्या साध्या मजकुराच्या असतात. एमथ्रीयू नावाची प्लेलिस्ट नोटपॅडमध्ये उघडून पाहा: प्रत्येक ओळीत एक पत्ता, बस. तिथे 'शोधा आणि बदला' करून जुना तुकडा काढून नवा घातला की हजार ओळी एका झटक्यात सुधारतात. सेव्ह करताना यूटीएफ-८ निवडायचे आणि फाईलचे शेपूट (एक्स्टेन्शन) एमथ्रीयूएट करायचे, नाहीतर मराठी नावांची वाट लागते. प्लेलिस्ट गाण्यांच्याच डिस्कवर ठेवली आणि तिच्यात ड्राइव्हचे अक्षर न लिहिता 'माझ्या शेजारच्या भीमगीते फोल्डरात' अशा धर्तीचे सापेक्ष पत्ते ठेवले, तर ती यादी ई, एफ, एम कशावरही चालते. व्हर्च्युअल डीजेची नोंदवहीही एक्सएमएल म्हणजे वाचता येणाऱ्या मजकुराची असते, आणि बाहेरच्या डिस्कवरच्या गाण्यांची नोंद ते त्याच डिस्कवर वेगळ्या फोल्डरात ठेवते. सेराटोही तसेच करते. म्हणून गाण्यांची डिस्क दुसऱ्या डिस्कवर उतरवताना ते अनोळखी वाटणारे फोल्डर 'हे काय कामाचे' म्हणून गाळू नका. नोंदी त्यांतच असतात.

आयट्यून्सच्या बाबतीत फसगत होते. २००१ साली आलेल्या या सॉफ्टवेअरच्या फोल्डरात एक्सएमएल फाईल दिसते, आणि लोक तिच्यात बदल करत बसतात. ती निव्वळ प्रत आहे. खरी नोंदवही आयटीएल नावाची फाईल, ती नोटपॅडमध्ये वाचता येत नाही. शिवाय त्या एक्सएमएलमधल्या पत्त्यांत 'लातूर' असे शोधले तर सापडणारही नाही. पत्त्यातले प्रत्येक मराठी अक्षर, काना आणि मात्रासुद्धा, तिथे टक्क्याच्या चिन्हासह लिहिलेल्या तीन सांकेतिक जोड्यांत मोडलेले असते. ल, काना, त, दीर्घ ऊकार आणि र अशी पाच चिन्हे, म्हणजे 'लातूर' लिहायला अशा १५ जोड्या. त्यापेक्षा सॉफ्टवेअरचीच सोय वापरावी. उद्गारचिन्हावर क्लिक करून एका गाण्याची नवी जागा दाखवली की आयट्यून्स विचारते, याच जागेवरून बाकीची हरवलेली गाणीही शोधू का? हो म्हणायचे. मीडियामंकीत हलवलेली आणि हरवलेली गाणी शोधण्याची वेगळी सोय आहे, रेकॉर्डबॉक्समध्ये हरवलेल्या फाईलींची यादी काढून त्यांना नवी जागा देता येते, सेराटोतही तसे बटण आहे. यांमागची युक्ती साधारण सारखीच: पत्त्यातला फोल्डर विसरा, शेवटचे नाव धरा आणि त्या नावाची फाईल सांगितलेल्या जागेत कुठे आहे ते बघा.

आणि इथेच मराठी नावांचा खरा पेच सुरू होतो. इंग्रजी नावांच्या फाईली या युक्तीने पटापट जुळतात. मराठी नावे डोळ्यांना अगदी सारखी दिसत असूनही कधी कधी जुळत नाहीत, आणि माणूस हतबल होतो.

'वारकऱ्यांची भजने' हे नाव घ्या. यातला ऱ्य संगणकात तीन तऱ्हांनी लिहिलेला असू शकतो. युनिकोडमध्ये ऱ हे स्वतंत्र अक्षर आहे. ते घेऊन त्याला हलन्त आणि पुढे य जोडला ही पहिली तऱ्हा. साधा र घेऊन त्याला खाली नुक्ता दिला, मग हलन्त, मग य, ही दुसरी. साधा र, हलन्त, त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह आणि मग य, ही तिसरी. पडद्यावर तिन्ही सारखेच उमटतात. संगणक मात्र अक्षरांचे आकार पाहत नाही, त्यांचे सांकेतिक आकडे पाहतो; आणि आकडे तीन ठिकाणी तीन आहेत. तुमच्या कीबोर्डने कोणती तऱ्हा वापरली आणि फाईल पाठवणाऱ्याच्या कीबोर्डने कोणती, हे दोघांनाही ठाऊक नसते. 'शेतकऱ्यांची', 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' अशा प्रत्येक नावात हा खड्डा आहे.

यात जुन्या मॅकने भर घातली. १९९८ पासून वापरात असलेली ॲपलची एचएफएस प्लस ही फाईल मांडण्याची पद्धत नाव साठवताना अशी अक्षरे सुटी करून ठेवी: तुम्ही ऱ लिहिला तरी डिस्कवर र आणि नुक्ता असे वेगवेगळे पडत. २०१७ मध्ये आलेल्या नव्या एपीएफएस पद्धतीत नाव आहे तसे राहते. पण जुन्या मॅकवरून विंडोजवर आणलेल्या डिस्का आजही लोकांकडे आहेत, आणि त्यांतली नावे सुटीच आहेत. गुरमुखीत लिहिलेल्या शबदांच्या फाईलींनाही हा त्रास होतो, कारण तिथला 'श' हा 'स'खाली बिंदू देऊन होतो.

'ॲ'चे दुखणे वेगळे. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले. त्याआधी लोक अ लिहून त्यावर चंद्र देत, आणि कित्येक कीबोर्ड अजून तेच करतात. दोन्ही रूपे दिसायला एक, आत वेगळी. र आणि नुक्ता यांना जोडून ऱ करणारी प्रमाणीकरणाची युनिकोडची पद्धत आहे आणि बरीच सॉफ्टवेअरे ती पाळतात. 'ॲ'च्या दोन रूपांना मात्र युनिकोड एक मानत नाही, आणि न दिसणारे जोडचिन्ह तर ती पद्धत आहे तिथेच राहू देते. म्हणजे मराठीच्या या दोन जागा आपल्यालाच सांभाळायच्या. उपाय असा: नावे बदलून देणारे कोणतेही चांगले साधन घ्यावे आणि संग्रहातल्या सगळ्या फाईलींत एकच रूप करून टाकावे. मी ऱ आणि ॲ ही स्वतंत्र अक्षरे ठेवण्याच्या बाजूचा आहे. पण कोणते रूप निवडता यापेक्षा सगळीकडे एकच असणे महत्त्वाचे, आणि तोच बदल नोंदवहीतही करायला हवा.

काही नावे तर वाचताच येत नाहीत. इथे एक फरक ओळखता यायला हवा. जुन्या पद्धतीच्या झिप फाईलीतून बाहेर आलेली नावे कधी विचित्र इंग्रजी-ग्रीक अक्षरांचा काला होऊन येतात. युनिकोडच्या आधीच्या मराठी फाँटमध्ये लिहिलेली गाण्यांची नावेही आज असंबद्ध इंग्रजी दिसतात. या दोन्ही प्रकारांत मूळ माहिती शाबूत असते, फक्त चुकीच्या चष्म्यातून वाचली जात असते. योग्य परिवर्तक वापरला तर नाव परत मिळते. मात्र नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हांची रांग आली असेल तर मूळ अक्षरे पुसली गेली आहेत. तिथे परिवर्तकाच्या मागे लागून वेळ घालवू नये. नाव दुसरीकडून काढावे.

ती दुसरी जागा म्हणजे फाईलच्या पोटातली चिठ्ठी. एमपीथ्री फाईलमध्ये गाण्याचे नाव, गायक, अल्बम लिहिण्याची सोय १९९६ मध्ये एरिक केम्प यांनी सुरू केली. आयडीथ्री टॅग म्हणतात तिला. पहिल्या आवृत्तीत फाईलच्या शेवटी फक्त १२८ बाइटची जागा होती, त्यात गाण्याच्या नावाला ३०. मराठीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेते, म्हणजे जेमतेम १० चिन्हे. 'शेतकऱ्यांची' या एकाच शब्दात काना-मात्रा, हलन्त, अनुस्वार धरून ११ चिन्हे होतात, तेव्हा तो शब्दही पुरा बसत नाही. १९९८ नंतरच्या दुसऱ्या आवृत्तीने ही अडचण संपवली आणि मराठी नीट मावू लागली. म्हणून टॅग भरताना दुसरी आवृत्ती आणि युनिकोड निवडलेले आहे ना, हे पाहून घ्यावे.

या चिठ्ठीचा उपयोग संकटात कळतो. आपल्याकडे वीज अचानक जाते, जनरेटर बंद पडतो, डिस्क लिहिता लिहिता तुटते. विंडोजने तपासणी केल्यावर डिस्कवर फाउंड नावाचा फोल्डर तयार होतो आणि त्यात नुसते क्रमांक असलेल्या, सीएचके शेपटाच्या फाईली पडलेल्या दिसतात. लोक त्यांना कचरा समजून काढतात. त्यांपैकी काही तुमचीच गाणी असू शकतात, नाव हरवलेली. शेपूट बदलून एमपीथ्री केले आणि एमपीथ्रीटॅगसारख्या मोफत साधनाला दाखवले, तर आतल्या चिठ्ठीवरून ते फाईलला पुन्हा नाव देते. एक सावधगिरी मात्र हवी: साऊंडच्या गाडीवर बेसच्या हादऱ्याने फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कचे वाचन अडखळते. तेव्हाही गाणे सापडत नाही असे दिसू शकते, पण तिथे पत्ता बरोबर असतो आणि डिस्क आजारी असते. फाईल विंडोजच्या खिडकीतूनही उघडत नसेल तर नोंदवहीला हात लावू नका, आधी डिस्कमधले सगळे दुसरीकडे उतरवा. गाडीवर फिरती तबकडी नसलेली एसएसडीच बरी.

नावही गेले, टॅगही कधी भरला नव्हता, अशा वेळी आवाजावरून ओळख पटवता येते. फाईलच्या प्रत्येक बाइटवरून एक छोटी संख्या काढण्याचे गणित आहे, हॅश म्हणतात त्याला. दोन फाईलींचा हॅश एक असेल तर त्या हुबेहूब सारख्या. पण टॅगमधले एक अक्षर सुधारले तरी हॅश बदलतो, म्हणून संगीतासाठी फक्त ध्वनीच्या भागाचा हॅश काढणे शहाणपणाचे. एफएफएमपेग हे साधन तसा काढून देते. फ्लॅक पद्धतीच्या फाईलीत तर मूळ ध्वनीचा असा ठसा आतच नोंदलेला असतो. त्यापुढची पायरी क्रोमाप्रिंट. त्यात गाण्यातल्या स्वरांचा वेळेगणिक होणारा चढउतार मोजून त्याचा ठसा बनवतात, आणि एकच ध्वनिमुद्रण एका फाईलीत १२८ आणि दुसऱ्या फाईलीत ३२० केबीपीएसचे असले तरी ठसे जुळतात. ॲकॉस्टआयडी ही सेवा असे ठसे जगभरातून गोळा करते आणि म्यूझिकब्रेन्झ पिकार्ड हे मोफत सॉफ्टवेअर ते तिथे शोधते. चित्रपटगीते, गाजलेले अल्बम तिथे मिळू शकतात. तुमच्या गावच्या सप्ताहातले कीर्तन मिळणार नाही. पण आपल्याच दोन डिस्का एकमेकींशी ताडून पाहायला नेटची गरज नाही; ठसा आपल्या संगणकावरच निघतो. निनावी झालेली फाईल जुन्या डिस्कवरच्या नाव असलेल्या प्रतीशी अशी जुळवता येते.

हे सगळे उपाय करताना एक विचार सारखा मनात येतो. पत्त्यावरून ओळख ठेवणे मुळातच कच्चे आहे, कारण पत्ता बदलणारच. मोठ्या संग्रहांनी हे फार पूर्वी ओळखले. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी पुण्यातून उभ्या केलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहात महाराष्ट्रभरच्या गावांतून लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल या कामात आले, त्यांनी शब्द आणि ध्वनिमुद्रण यांची सांगड घालणारी माहितीची रचना बांधली. नांदेडच्या शेजारी परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांच्या ओव्या त्यात आहेत. ध्वनी टेपवरून संगणकात आला, संस्था बदलल्या, आणि २०१७ पासून हा संग्रह 'पारी' या ग्रामीण भारतावरच्या संकेतस्थळाच्या माध्यमातून लोकांपुढे येऊ लागला. इतकी स्थलांतरे होऊनही कोणती ओवी कोणाची, हे हरवले नाही, कारण ओवीची ओळख तिचा वर्गीकरणाचा क्रमांक, गाव आणि गायिका यांनी ठरते. फाईल आज कोणत्या संगणकावर आहे, याच्याशी त्या ओळखीचा संबंध नाही.

घरच्या संग्रहालाही हे जमते. प्रत्येक फाईलला एक न बदलणारा क्रमांक द्यायचा आणि तो फाईलच्या नावाच्या सुरुवातीलाच लिहायचा. इंग्रजी आकड्यांत लिहिलेला बरा, म्हणजे कोणताही फोन, कोणतीही गाडीतली टेप तो मोडणार नाही. तोच क्रमांक टॅगमधल्या शेऱ्याच्या रकान्यात लिहायचा. साध्या एक्सेलमध्ये क्रमांकापुढे गाणे, गायक, कुठे आणि कोणी टिपले, कोणत्या वर्षी, मूळ कॅसेट कोणाकडे, एवढे भरायचे. मग फोल्डर हलो, जिल्ह्याचे नाव बदलो, डिस्क जाओ, क्रमांकावरून गाणे पुन्हा जोडता येते. घाऊक बाजारातून भरलेल्या हजारो चित्रपटगीतांसाठी हा खटाटोप करू नये. जे दुसरीकडे कुठेच नाही, त्याच्यासाठी आवर्जून करावा.

शेवटी काही उद्गारचिन्हे उरतातच. सगळे उपाय करूनही ज्यांची फाईल कुठेच मिळत नाही, अशी. त्यांच्याही नोंदी पुसू नका. 'हरवलेली' नावाच्या वेगळ्या यादीत हलवा. त्या नोंदीत गायकाचे नाव आहे, लांबी आहे, कधी भरले ती तारीख आहे. मराठवाड्यात एका मैफलीची, एका कीर्तनाची कॅसेट चार घरांत फिरलेली असते, तिच्या प्रती निघालेल्या असतात. ती यादी छापून उदगीरच्या मित्राला, देगलूरच्या भजनी मंडळाला, अहमदपूरच्या साऊंडवाल्याला दाखवता येते, आणि नेमके काय मागायचे हे तुम्हाला ठाऊक असते.